फ्लाइट सिम्युलेटरमध्ये हिमालयात हेलिकॉप्टर उतरवताना शेवटच्या क्षणी का आपटतं? जॉयस्टिक बदलावी का?

जॉयस्टिक राहू द्या, आधी वजन बघा. समुद्रालगतच्या जुहूला बेल ४०७ हेलिकॉप्टर अलगद टेकतं आणि नेपाळात नामचेच्या वर स्यांगबोचेला दरवेळी आपटतं, असं तुम्हीच लिहिलंय. हात तेच आणि जॉयस्टिकही तीच, मग बदललं काय? हवा. स्यांगबोचेची धावपट्टी ३,७८० मीटरवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश उरते. रोटरला, म्हणजे डोक्यावरच्या पंख्याला, रेटायला हवा कमी, इंजिनाला श्वास घ्यायलाही कमी. म्हणून जुहूला पेलणारं वजन तिथे पेलत नाही.

प्रश्न वाचून आमचे दाजी डोळ्यांसमोर आले, म्हणून थोडं लांबण लावतोय. दाजी सिममध्ये विमानं उडवण्यात पटाईत, एअरबस तर झोपेतही उतरवतील. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये हेलिकॉप्टरं आली तेव्हा म्हणाले, "त्यात काय एवढं? कलेक्टिव्ह ओढला की वर, सोडला की खाली." (कलेक्टिव्ह म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढवणारा-कमी करणारा दांडा.) पुढे एका भाऊबीजेला त्यांच्याकडे गेलो होतो. ओवाळून झालं आणि करंज्यांची ताटली कीबोर्डशेजारी ठेवून आम्ही लुक्लाहून निघालो. सगळ्या सीटांवर माणसं, मागे सामान, टाकी फुल. मी म्हटलं, "दाजी, फ्युएल कमी करा ना, नामचे हाकेच्या अंतरावर आहे." तर म्हणे, "अरे, घाटात जाताना टाकी फुलच ठेवायची असते. तुला गाडीचा अनुभव नाही."

दूधकोसीच्या खोऱ्यातून ऐंशी-नव्वद नॉटने वर जाताना काहीच जाणवलं नाही. जाणवणारही नाही, कारण पुढे वेग असला की रोटरला सतत ताजी हवा मिळते आणि ताकद कमी लागते. खरी गंमत वेग वीसेक नॉटच्या खाली आला की सुरू होते. पुढच्या वेगामुळे मिळणारी ही जादा उचल, म्हणजे ट्रान्सलेशनल लिफ्ट, जाते आणि सगळा भार एकट्या इंजिनावर येतो. दाजींनी कलेक्टिव्ह ओढला. इंजिनाकडे द्यायला काही शिल्लकच नव्हतं. पात्यांचा कोन वाढला, रोटरचे फेरे उतरले, फेरे कमी झाल्याचा हॉर्न वाजायला लागला, म्हणून दाजींनी आणखी ओढला! फेरे उतरले की टेल रोटरही मंदावतो, म्हणजे नाक सरळ धरणारा शेपटीचा पंखा, जो पेडलांनी चालवतात. डावं पेडल तळाला टेकलं तरी नाक उजवीकडे फिरतच राहिलं. माझा भाचा "बाबा, गोल गोल!" म्हणत टाळ्या पिटत होता.

मग मी बसलो. इंधन तीस टक्क्यांवर आणलं, मागची माणसं आणि सामान काढलं आणि त्याच जागी उतरवून दाखवलं. दाजींचा निकाल: "ही चीटिंग आहे." भाऊबीजेच्या दिवशी घरच्या जावयाशी कोण वाद घालणार? तेव्हा गप्प बसलो, आता बोलतो.

१४ मे २००५ रोजी दिदिए देलसाल या फ्रेंच वैमानिकाने एएस३५० बी३ हेलिकॉप्टर एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकवलं आणि तिथे ३ मिनिटं ५० सेकंद राहिला. त्यासाठी त्यातल्या प्रवासी सीटा वगैरे मिळून सुमारे १२० किलो वजन आधीच काढलं होतं. मग तीही चीटिंगच का? मी नाशिकचा. इथल्या गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे चीता आणि चेतक हेलिकॉप्टरं आमच्या डोक्यावरून जातच असतात. तेच चीता सियाचिनच्या वरच्या चौक्यांवर जातं तेव्हा एका फेरीत किती किलो न्यायचे याचा हिशोब उडण्याआधी होतो. पर्वतातली निम्मी वैमानिकी जमिनीवरच होते. वेट अँड बॅलन्सचा, म्हणजे माणसं, सामान आणि इंधनाचं वजन ठरवायचा, पडदा न उघडता जो हिमालयात जातो तो गेम खेळतोय. खुशाल खेळावं, पण मग दुसऱ्याला चीटर म्हणू नये.

लाइव्ह हवामान चालू असेल तर तापमानही बघा. लेहची धावपट्टी सुमारे १०,७०० फुटांवर आहे, तिथलं प्रमाण तापमान, म्हणजे हिशोबासाठी त्या उंचीला धरलेलं, उणे ६ अंश. उन्हाळ्यात दुपारी २५ अंश असतील तर प्रत्येक जास्तीच्या अंशाला साधारण १२० फूट उंचीत वाढवून धरा. म्हणजे हेलिकॉप्टरच्या लेखी तुम्ही चौदा हजारांच्या वर आहात. सकाळी लवकर जा.

आता उतरण्याचं. उतार लांबट ठेवा, तोंड वाऱ्याकडे, आणि वेग शून्य व्हायची वेळ जमिनीपासून चार-पाच फुटांवरच येऊ द्या, म्हणजे ग्राउंड इफेक्टचा, जमिनीलगत कमी ताकदीत तरंगता येण्याचा, आधार मिळतो. उंचावर थांबून मग सरळ खाली यायचं नाही. पुढे वेग नाही आणि मिनिटाला तीनशे फुटांहून जोरात खाली येताय, तर रोटर स्वतःच खाली ढकललेल्या हवेत सापडतो. तिथे कलेक्टिव्ह ओढणं म्हणजे आगीत तेल. सायक्लिक, म्हणजे हेलिकॉप्टर पुढे-मागे-बाजूला झुकवणारी दांडी, पुढे ढकला आणि बाहेर पडा.

जॉयस्टिकबद्दल एवढंच की पिळता येणारी असेल तर पेडलचं काम त्यावर भागतं, तूर्त पुरे. पैसे खर्चायचेच असतील तर पेडल्स घ्या.

हे सगळं असिस्ट्स (सिम स्वतः करतं ती मदत) बंद असताना आणि टर्बाइनवाल्या बेलच्या बाबतीत. खऱ्या हेलिकॉप्टरसाठी माझा शब्द धरू नका, मी फक्त खुर्चीत बसून उडवतो. सिममधलं दुसरं हेलिकॉप्टर, कॅब्री जी२, पिस्टन इंजिनावर चालतं, ते घेऊन भरल्या वजनाने एवढ्या उंचीवर जाऊच नका. शिवाय त्याचा रोटर बेलच्या उलट दिशेने फिरतो, त्यामुळे पॉवर वाढवताना डावं नाही, उजवं पेडल द्यावं लागतं. बेलची सवय झालेल्या पायांना ते पटायला वेळ लागतो.