टेब्युकोनॅझोल चोळलेला गहू मागे का पडतो?

प्रश्न : घरच्या गव्हाला टेब्युकोनॅझोल चोळून पेरणी केली. शेजारच्या रानात बिनऔषधाचा गहू वर आला. आमचा दोन-तीन दिवस मागे, विरळ आणि ठेंगणा आहे. बी मेले का? पीक मोडून दुबार पेरणी करावी का?

उत्तर : मोडण्याची घाई करू नये. जेथे उगवण झालेली नाही, तेथे खुरप्याने माती अलगद उकरून पाहावी. दाणा कुजून पिठाळ झाला असेल, तर कारण औषधाऐवजी ओल किंवा बियाणे यांत शोधावे लागेल. परंतु पांढरा कोंब मातीतच वळलेला आणि पहिले पान चुरगळून पिवळट पडलेले दिसले, तर बी जिवंत होते, मात्र खोल पडले होते, असे समजावे.

टेब्युकोनॅझोल ट्रायझोल गटातील बुरशीनाशक आहे. ते बुरशीला रोखते, तसेच रोपातील जिबरेलिन या वाढीच्या संजीवकाची निर्मितीही काही प्रमाणात मंदावते. त्यामुळे कोवळ्या पानाला मातीतून वर नेणारे कोंबाचे आवरण आखूड राहते. आपल्या बुटक्या वाणांत ते मुळातच आखूड असते. बी 5 सेंटिमीटरवर पडले, तर फरक सहसा जाणवत नाही, पण पाभर 8 सेंटिमीटरपर्यंत गेली, की आवरण मध्येच संपते आणि उघडे पडलेले पान माती फोडू शकत नाही. वर आलेली रोपे बुटकी, पण गर्द हिरवी असतील, तर काळजी नको. पेरणीनंतर 21 दिवसांच्या सुमारास मुकुटमुळे (जमिनीलगत बुंध्यातून निघणारी मुळे) फुटताना पाणी मिळाले, की ती बहुधा फुटवे धरून बरोबरी करतात.

म्हणून बीजप्रक्रिया सोडू नये. ओंबीत दाण्यांऐवजी काळी भुकटी भरणाऱ्या काणी रोगाची बुरशी दाण्याच्या गर्भात दडलेली असते, तिच्यापर्यंत दाण्याच्या वरच राहणारे थायरम हे बुरशीनाशक एकटे पोहोचत नाही. टेब्युकोनॅझोलच्या 2 टक्के भुकटीचे प्रमाण किलोला 1 ग्रॅम आहे, म्हणजे एकरी 40 किलो बियाण्याला 40 ग्रॅम. ते काट्यावर मोजावे. "हात जरा सैल सोडला" असे अनेकजण सांगतात, आणि दुखणे तेथेच असते. ओल खाली गेल्यामुळे खोल पेरणे भागच असेल, तर कार्बोक्सिन व थायरम यांचे संयुक्त बुरशीनाशक किलोला 3 ग्रॅम चोळावे. त्याने कोंब असा आखडत नाही. ॲझोटोबॅक्टर हे जिवाणू खत लावायचे असल्यास ते औषध सुकल्यानंतर, पेरणीच्या तोंडावर लावावे. उरलेले बियाणे दळू नये, जनावरांनाही घालू नये.