२४ ग्रॅम कशाचे?

प्रश्न : मॅडम, मी परभणी जिल्ह्यातला. वय २१, वजन ६२ किलो. पोलीस भरतीसाठी दीड वर्षापासून पुण्यात नऱ्ह्याला खोली घेऊन राहतोय. सकाळी १६०० मीटर आणि गोळाफेक, संध्याकाळी जिम. जेवण मेसचं, दोन वेळा; ताटात काय असतं ते सोबत लिहिलंय. अंडी चालतात. जिममधल्या सरांनी प्रोटीनचा एक किलोचा डबा (२,७०० रुपये) आणि सोबत बीसीएए (१,५०० रुपये) घ्यायला सांगितलंय. एकावर लिहिलंय 'एका स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रोटीन', दुसऱ्यावर 'स्नायूबांधणीत २२ टक्के वाढ'. वडील म्हणतात, घे, पैसे पाठवतो. पण यंदा सोयाबीनला भाव नाही हे मला माहीत आहे. घेऊ का? दोन्ही डब्यांच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवतोय.

उत्तर : मागच्या बाजूचे फोटो पाठवलेस, बरं केलंस. लोक मला पुढची बाजू पाठवतात. पुढे फुगवलेला दंड असतो, हिशोब मागे असतो.

आधी एक जुनी गोष्ट सांगते. पुण्यातल्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं अन्नरसायनाचं प्रॅक्टिकल घ्यायचे. दर वर्षी नव्या बॅचला बेसनाची एक पुडी द्यायचे आणि सांगायचे, यातली प्रथिनं मोजा. पद्धत १८८३ सालची, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत (हो, बिअरवाल्यांच्याच) योहान केल्डाल यांनी बसवलेली. पदार्थ तीव्र गंधकाम्लात उकळायचा, त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया करून तो मोजायचा आणि येईल त्या आकड्याला ६.२५ ने गुणायचं. कारण प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. दिवसभर डोळे चुरचुरायचे, साडीला भोकं पडायची ती वेगळीच.

बेसनात प्रथिनं साधारण २२ टक्के. मुलींचं उत्तर यायचं ३०. पुन्हा करायच्या, पुन्हा ३०. मग एखादी धीट मुलगी म्हणायची, "मॅडम, हे बेसन फार पौष्टिक आहे." त्यावर मी विचारायचे, "याची भजी खाशील?" कारण त्या पुडीत शंभर ग्रॅमला तीन ग्रॅम युरिया मी स्वतः मिसळलेला असायचा. खताचाच. युरियात नायट्रोजन ४६ टक्के. केल्डालच्या पद्धतीला तो प्रथिनातला की खतातला हे कळत नाही. ती फक्त नायट्रोजन मोजते, 'प्रथिनं' हे नाव त्याला आपण देतो.

चीनमध्ये २००८ साली हेच झालं, फक्त ते प्रॅक्टिकल नव्हतं. पाणी घातलेल्या दुधाचा प्रथिनांचा आकडा वर आणायला त्यात मेलामाइन (नायट्रोजननं भरलेलं एक औद्योगिक रसायन) घातलं. ते दूध बाळांच्या पावडरीत गेलं. सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली, सहा बाळं दगावली.

तुझ्या डब्यात विष आहे असं मी म्हणत नाही. पण घटकांची यादी पुन्हा वाच. व्हे प्रोटीन कॉन्सन्ट्रेट (दुधातल्या प्रथिनांची पावडर), कोको, आणि त्यानंतर ग्लायसिन, टॉरिन. प्रथिनं ज्या विटांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी ग्लायसिन ही एक साधी, स्वस्त, चवीला गोडसर वीट. त्यात नायट्रोजन जवळजवळ १९ टक्के, म्हणजे दहा ग्रॅम ग्लायसिन टाकलं की कागदावर साडेअकरा ग्रॅम 'प्रोटीन' दिसतं. टॉरिन तर शरीर कुठल्याच प्रथिनात गुंफत नाही, तरी त्याचा नायट्रोजन मोजला जातोच. या धंद्यात याला 'अमिनो स्पायकिंग' म्हणतात. आमच्या बेसनाचीच ही सुधारलेली आवृत्ती.

आता फोटोतला ल्युसिन या अमिनो आम्लाचा आकडा बघ. एका स्कूपला १.६ ग्रॅम. व्हे प्रथिनात ल्युसिन दहा-अकरा टक्के असतं. २४ ग्रॅम खरोखर व्हेचे असते तर तिथे अडीचच्या आसपास दिसायला हवं होतं. मग उरलेले ग्रॅम कशाचे? चोरी पकडली असं मी म्हणणार नाही, माझ्याकडे आता ना प्रयोगशाळा ना गंधकाम्ल. पण हा डबा मी माझ्या भाच्याला घेऊ देणार नाही. आणि हा एखाददुसऱ्या डब्याचा प्रश्न नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासून २०२४ साली 'मेडिसिन' या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. जवळजवळ सत्तर टक्के पावडरींत प्रथिनांचा छापील आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा जुळला नाही. काहींत सांगितल्याच्या निम्मंच होतं.

सर म्हणाले असतील, "एफएसएसएआयचा नंबर आहे की." तो चौदा आकडी नंबर देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, परवान्याचा. बनवणाऱ्याची नोंद आहे एवढंच तो सांगतो. २४ ग्रॅम कुणी मोजून पाहिले असं तो म्हणत नाही.

आता दुसरा डबा. बीसीएए म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं. शरीराला जी बाहेरून मिळावीच लागतात अशी अमिनो आम्लं नऊ. यांतलं ल्युसिन खरंच खास आहे, स्नायूंची बांधणी सुरू करण्याचा इशारा तेच देतं. ढोलपथकात ताशा देतो तसा. पण पुण्याच्या अलका चौकात नुसताच ताशा कडकडला आणि ढोलवाले आलेच नाहीत तर मिरवणूक किती पुढे सरकेल? बाकीची सहा अमिनो आम्लं जेवणातून आलेली नसतील तर शरीर ती स्वतःच्याच स्नायूतून काढतं. भिंत बांधायला त्याच घराच्या विटा उपसल्यासारखं.

पण ते '२२ टक्के' खोटं नाही, म्हणूनच ते जास्त फसवं. २०१७ साली व्यायाम करणाऱ्या दहा तरुणांवर एक प्रयोग झाला. व्यायामानंतर ५.६ ग्रॅम बीसीएए दिल्यावर पुढच्या चार तासांत त्यांच्या स्नायूंमधली प्रथिनांची बांधणी २२ टक्क्यांनी जास्त दिसली. कशाच्या तुलनेत? ज्यात यातलं काहीच नव्हतं अशा पेयाच्या. आणि संशोधकांनीच पुढे नोंदवलंय की तेवढंच बीसीएए व्हेमधून गेलं तर होणारा परिणाम साधारण दुप्पट असतो. चार तासांची गोष्ट, तीही असल्या रिकाम्या पेयाशी तुलना करून. डब्यावर यातलं फक्त २२ आलं. तुझा दंड २२ टक्क्यांनी वाढेल असं त्या प्रयोगात कुणीच म्हटलेलं नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१० मध्ये 'प्रथिनांमुळे स्नायू वाढायला आणि टिकायला मदत होते' हा दावा मान्य केला, पण बीसीएएच्या नावावरचा तसा दावा सिद्ध झालेला नाही असं सांगितलं.

म्हणजे १,५०० रुपये वाचले. आता पहिल्या डब्याकडे परत येऊ, कारण तुझी गरज खरी आहे. आपल्याकडची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुला ५१-५२ ग्रॅम. ती बैठ्या माणसासाठी ठीक. वजनं उचलणाऱ्यांवरच्या ४९ प्रयोगांचा २०१८ साली एकत्र अभ्यास झाला. त्यात असं दिसलं की किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे गेलं तर स्नायूंत आणखी भर पडत नाही. तुझ्यासाठी ते झाले ९९ ग्रॅम. याच्या वर जाण्यात अर्थ नाही.

तू कळवलेलं मेसचं ताट मी मांडून पाहिलं. सहा चपात्या, दोन वेळचा भात, पातळ वरण, एकदा उसळ, सकाळचे पोहे, चहातलं दूध. सगळं मिळून ४५ ग्रॅमच्या आसपास. मेसच्या वरणात डाळ शोधावी लागते, म्हणून मी हात आखडूनच धरलंय. वर अर्धा लिटर दूध (१६), दोन अंडी (१२), मूठभर म्हणजे ५० ग्रॅम फुटाणे (१०) आणि ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या (१५). झाले ९८. आमच्या कोपऱ्यावरच्या भावानं याला दिवसाला साठ रुपयांच्या आत-बाहेर पडतात. डब्यातला एक स्कूप नव्वदला पडतो आणि त्याचे २४ ग्रॅम कशाचे हे आपण वर पाहिलंच. सोयाबीनच्या वड्या म्हणजे तेल काढून उरलेलं सोयाबीन, शंभरात ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं. तुझ्या वडिलांच्या शेतातलाच माल आहे हा. पहिले आठ दिवस थोड्याच खा, नाहीतर पोट गुडगुडेल आणि शिव्या मला बसतील.

राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्नायू कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळा असंच सांगितलंय. मी इतकी कडक नाही. व्हे म्हणजे चीज करताना उरलेल्या पाण्यातली प्रथिनं, घरी पनीर केल्यावर जे हिरवट पाणी उरतं त्याचं ते भावंड. चांगलं अन्न आहे. अंडी चालत नाहीत, दूध पचत नाही, वेळ नाही, अशांना उपयोग होतो. तुला अंडी चालतात असं तूच लिहिलंयस. व्यायामानंतर अर्ध्या तासाच्या आत प्यायलंच पाहिजे, ही घाईसुद्धा डबेवाल्यांची. दिवसाची बेरीज भरली की झालं. तालमीतले पैलवान खुराक खायला घड्याळ लावून बसत नाहीत.

प्रश्न : ताई, वारज्याहून लिहितेय. मुलगा आठ वर्षांचा. बिस्किटांच्या पुड्यावर 'प्रथिनांचा स्रोत' आणि दुधात घालायच्या पावडरीवर 'अमिनो आम्लांसह' असं असतं. सासूबाई म्हणतात, हे सगळं बंद कर आणि लाडू दे. कोण बरोबर?

उत्तर : सासूबाई. पण का, ते ऐका, म्हणजे तुम्हालाही चार ठिकाणी वापरता येईल.

एफएसएसएआयच्या २०१८ च्या नियमांनुसार घन पदार्थाच्या शंभर ग्रॅममध्ये रोजच्या गरजेच्या दहा टक्के प्रथिनं असली की 'स्रोत' म्हणता येतं. गरज ५४ ग्रॅम धरली तर हे होतात ५.४ ग्रॅम. साध्या बिस्किटातही गव्हामुळे सहा-सात ग्रॅम असतातच. ज्वारीच्या पिठात दहा असतात. उद्या मी भाकरीवर छापा मारून 'प्रथिनांचा स्रोत' म्हणून विकायला बसू शकते. शिवाय शंभर ग्रॅम बिस्किटं म्हणजे बहुधा अख्खा पुडा. तुमचा मुलगा तीन खाणार, त्यातून मिळणार दीड-पावणेदोन ग्रॅम, आणि साखर वेगळी.

पावडरीच्या तक्त्यात दोन रकाने असतात, नुसत्या पावडरीचा आणि 'दुधासह'. जाहिरात दुसऱ्या रकान्यातून उचलतात. २०० मिली दुधाचे साडेसहा ग्रॅम गाईम्हशीचे, श्रेय डब्याला. आणि 'अमिनो आम्लांसह' म्हणाल तर ती वरणभातातही आहेत. भातात लायसिन कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते भातात. शेंगदाण्याच्या एका लाडवात वीस ग्रॅम दाणे धरा, पाच ग्रॅम प्रथिनं झाली. गूळ मात्र जरा बेतानं, हे सासूबाईंना माझ्या नावानं सांगा.

प्रश्न : स. न. वि. वि. वय ७४, रोज पर्वती चढतो. गुडघे अलीकडे कुरकुरतात. बंगळूरच्या जावईबापूंनी कोलॅजेनची पावडर पाठवली आहे, 'दर मात्रेत १० ग्रॅम उत्तम प्रतीचे प्रथिन'. आम्ही पूर्ण शाकाहारी, चातुर्मास पाळतो. घ्यावी काय? या वयात एवढे प्रथिन सोसेल काय?

उत्तर : आपण डबा उलटा करून पाहावा. चौकोनात तपकिरी त्रिकोण दिसेल, म्हणजे मांसाहारी पदार्थाची खूण. कोलॅजेन झाडाला लागत नाही. ते जनावरांच्या कातडी-हाडांतून नाहीतर माशांच्या खवल्यांतून काढतात. 'शाकाहारी कोलॅजेन बिल्डर' नावानं जे मिळतं, त्यात कोलॅजेन नसतंच.

'उत्तम प्रतीचे' हेही मोजता येतं. नऊ आवश्यक अमिनो आम्लांपैकी जे सर्वांत कमी, त्यावरून प्रथिनाला गुण देतात. दूध आणि अंडं पैकीच्या पैकी, म्हणजे १. गव्हाला ०.४ च्या आसपास. कोलॅजेनमध्ये या नवांतलं ट्रिप्टोफॅन मुळीच नाही, म्हणून त्याला शून्य. दहा ग्रॅम खरे असतील, पण त्यांच्या भरवशावर दिवसाची बेरीज करू नये. गुडघ्यांसाठी आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि पर्वती उतरताना कठड्याचा आधार घ्या. चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्यांना जड जातं.

प्रथिनांचं विचारलंत तर या वयात ती कमी नाही, जास्त लागतात, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढीच. तेव्हा आधी क्रिएटिनिन तपासून घ्या. अहवाल ठीक आला तर रात्रीच्या मऊ भाताबरोबर घट्ट वरण, वाटीभर दही आणि मधल्या वेळेला थोडं पनीर.

जावईबापूंना डबा परत कसा करायचा, हे मात्र आपल्या मंडळींना विचारावं. त्यात मी पडत नाही.