दोन बोटांचे 12 टक्के की 20?

प्रश्न : ताई, धाकटा भाऊ भोसरी एमआयडीसीत पॉवर प्रेसवर (पत्रा दाबायच्या मशीनवर) होता. वय 30, पगार 24 हजार, ठेकेदाराकडून. ऑगस्ट 2024 मध्ये उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. डॉक्टरने सर्टिफिकेटवर 12 टक्के अपंगत्व लिहिलंय, ठेकेदार म्हणतो 12 टक्क्याला काय मिळणार, 40 हजार घे आणि सही कर. करू का?

उत्तर : दादा, सही अजिबात नको. आणि केलीच असेल तरी लगेच हातपाय गाळू नका, हक्क सोडून देणारा असला कागद कायद्यात रद्दच धरतात.

सगळा घोळ त्या 12 आकड्यात आहे. हाताचं अपंगत्व किती हे डॉक्टर त्यांच्या हिशोबानं लिहितात, पण भरपाई मिळते ती कमावण्याची ताकद किती गेली त्यावर, आणि दोन्ही टक्के एकच असतात असं नाही. अपघात 2024 मधला म्हणजे 1923 चा भरपाई कायदा धरायचा, त्याच्या मागे एक यादीच दिलीये, एका हाताची दोन बोटं गेली की 20 टक्के. सर्टिफिकेटवर 12 असले तरी यादीतले 20 खाली येत नाहीत.

आता हिशोब. पगार 24 हजार असला तरी कायदा 15 हजारच धरतो (हे मला कधीच पटलं नाही, पण आहे). त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000, त्याला तिशीच्या वयाचा गुणक 207.98, झाले 18,71,820, आणि त्याचे 20 टक्के म्हणजे 3,74,364. ठेकेदाराचे 40 हजार कुठे आणि हे कुठे! दवाखान्याचा खरा खर्च वेगळा, बिलं जपून ठेवा. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर वर 12 टक्के व्याज, आणि टाळाटाळीला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. ठेकेदार पळाला तर मूळ कंपनीही जबाबदार.

20 च्या वर जाता येतं का? येतं, पण सोपं नाही. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता, एका हातानं सुतारकाम होत नाही म्हणून 1970 च्या दशकात सुप्रीम कोर्टानं पूर्ण 100 टक्के धरले. तुमच्या भावाला प्रेस सोडून दुसरं काम जमत असेल तर 100 चा आग्रह धरू नका, पण त्याच कामाच्या लायक राहिला नाही असं डॉक्टरकडून लिहून घेता आलं तर जरूर मांडा.

पगार 21 हजारांच्या आत असता तर गोष्ट ईएसआयकडे (कामगारांच्या सरकारी विम्याकडे) गेली असती, तिथे टक्के मेडिकल बोर्ड ठरवतं आणि मालकावर हा दावा लागत नाही.

एक विचारायचं राहिलं, प्रेसच्या दोन बटनांपैकी (दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून असतात ती) एकाला टेप लावून ठेवली होती का? असेल तर ती कोणी लावायला सांगितली हे शिफ्टमधल्या पोरांकडून आत्ताच लिहून घ्या, नाहीतर मालक म्हणेल सुरक्षेची सोय यानंच मुद्दाम काढली. दावा भरपाई आयुक्तांकडे, अपघातापासून दोन वर्षांत, तारीख जवळ येत असेल तर आधी अर्ज, बाकी बोलणी नंतर.