कोणतं टेबल कोणाचं, हे आधी विचार

प्रिय मुली,

सप्रेम जय भीम.

शिष्यवृत्तीच्या यादीत तुझं नाव आलं, व्हिसा झाला, विमानाचं तिकीटही निघालं. तुझ्या मेलमधले निम्मे प्रश्न कुकर, स्वेटर आणि सामानाचं वजन यांबद्दल आहेत. त्यांची उत्तरं व्हॉट्सॲप ग्रुपवर हवीत त्यापेक्षा जास्तच मिळतील, म्हणून त्यांत मी पडत नाही. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या स्टुडंट्स युनियनमध्ये, विद्यार्थ्यांना सल्ला देणाऱ्या केंद्रात मी नोकरी करते. अडचणीत आलेली मुलं माझ्यासमोर येऊन बसतात. त्या खुर्चीत तू शक्यतो बसू नयेस, आणि बसलीस तर वेळेवर बसावंस, म्हणून हे लिहितेय.

विद्यापीठाच्या वेबसाइटवर 'सपोर्ट' नावाचं एक पान असतं. व्हिसा, समुपदेशन, अपंगत्व, पैशांची मदत, करिअर, प्रार्थनागृह, सगळं एकाच लोगोखाली, हसऱ्या चेहऱ्यांच्या फोटोंसकट. वाटतं, हे सगळे एकच. तसं नसतं. प्रत्येक टेबल वेगळ्या माणसाला उत्तर द्यायला बांधलेलं असतं. कुठे काय बोलायचं आणि आधी कुठे जायचं, हे त्यावरून ठरतं.

सर्वांत आधी व्हिसाचं टेबल. तुला इथे बोलावण्यासाठी विद्यापीठाकडे गृहखात्याचा परवाना असतो आणि तो सांभाळणं हे त्यांचं पहिलं काम. माणसं चांगली असतात, नियम तोंडपाठ असतात. शिवाय इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार इथे कायद्याने ठराविक लोकांनाच आहे. तुझे प्राध्यापक प्रेमाने म्हणतील, "जा दोन महिने घरी, काही होत नाही." त्यांना तसं सांगण्याचा अधिकार नाही, आणि बहुतेकांना हे माहीतही नसतं. तू शिक्षण मध्येच थांबवलंस किंवा वर्गात यायची बंद झालीस, तर विद्यापीठाला ते गृहखात्याला कळवावंच लागतं. म्हणून व्हिसाच्या टेबलावर "मी असं केलं" सांगायला जाऊ नकोस. "असं केलं तर काय होईल?" हे विचारायला जा, आणि उत्तर ईमेलवर घे.

कामाच्या तासांबाबत तर डोळ्यांत तेल घालून राहा. पदवी आणि त्यापुढच्या विद्यार्थ्यांना टर्म चालू असताना आठवड्याला २० तास. आठवडा सोमवार ते रविवार. एका आठवड्यात ३० आणि पुढच्यात १० करून सरासरी काढता येत नाही. मास्टर्सवाल्यांची फसगत उन्हाळ्यात होते: बी.ए.ची मुलं सुट्टीवर जातात, तुझं डिझर्टेशन चालू असतं, म्हणजे तुझी टर्मही चालूच असते. आणि घरोघरी जेवण पोचवणाऱ्या ॲपचं काम कोणी सुचवलं, "माझं अकाउंट वापर" म्हणालं, तर त्याला चहा पाज आणि नाही म्हण. त्या कामात माणूस स्वयंरोजगारी धरला जातो, आणि विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे. तासांचा प्रश्नच येत नाही.

आता आमचं टेबल. आपलीच टिमकी वाजवल्यासारखं होईल, पण युनियन ही विद्यापीठापासून वेगळी संस्था असते. आम्ही तुझी माहिती तुझ्या परवानगीशिवाय विभागाला देत नाही, आणि विद्यापीठाविरुद्ध अर्ज लिहायलाही मदत करतो. फुकट. कॉपीचा आरोप, घरमालकाने अडवलेलं डिपॉझिट, गाईडशी बिनसलेलं, अशा सगळ्या गोष्टी इथे येतात. पण सर्वांत जास्त येतं ते एकच प्रकरण.

मुलगा सप्टेंबरमध्ये येतो. नोव्हेंबरात घरून फोन: वडील आयसीयूमध्ये. तो कोणालाही काही बोलत नाही. रात्र रात्र व्हिडिओ कॉलवर, दिवसा लायब्ररीत डुलक्या. असाइनमेंट अर्धीकच्ची सबमिट होते. फेब्रुवारीत निकाल लागतो, दोन विषय गेलेले असतात, आणि तेव्हा तो आमच्याकडे येतो. मी विचारते, "तेव्हा का नाही सांगितलंस?" तो खाली बघतो.

इथे प्रत्येक विद्यापीठात यासाठी एक अर्ज असतो. कुठे त्याला 'एक्स्टेन्युएटिंग सर्कमस्टन्सेस' म्हणतात, कुठे 'मिटिगेटिंग'. आजारपण, घरातला मृत्यू, अचानक आलेलं संकट यांसाठी मुदतवाढ किंवा पहिलाच प्रयत्न धरून पुन्हा परीक्षा द्यायची संधी मिळू शकते. अट अशी की अर्ज डेडलाइनच्या आधी किंवा लगेच नंतर, विद्यापीठाने दिलेल्या मुदतीत जायला हवा. निकालानंतर तीच गोष्ट सांगायची तर अपील करावं लागतं, आणि अपिलात पहिला प्रश्न येतो: वेळेवर का कळवलं नाही? "लाज वाटली" हे उत्तर खरं असतं, पण नुसतं तेवढं चालत नाही. प्राध्यापकांनी दिलेल्या गुणांवर तर अपीलच होत नाही.

लाज का वाटते, ते मला ठाऊक आहे आणि तुलाही. आपल्याकडे ऑफिसच्या खिडकीवर "साहेब जेवायला गेलेत" ऐकत आपण मोठे झालो. त्यातून तुझ्यामाझ्यासारख्यांना "तुमचं काय, तुम्हाला सगळं फुकट" हे वर ऐकावं लागलंय. ते ऐकून ऐकून पोरगी ठरवते, आता आणखी काही मागायचं नाही. आणि जिथे मागितलं की मिळतं तिथेही गप्प बसते. बाबासाहेबांची १९१७ ची गोष्ट आठव. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. पण निघण्यापूर्वी चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. १९२० मध्ये ते परत गेले, आणि त्या वेळी ज्यांनी पैशांची मदत केली त्यांत ते शाहू महाराज होते, ज्यांच्या नावाची शिष्यवृत्ती घेऊन तू निघाली आहेस.

अर्ज कसा लिहायचा, तर अगदी कोरडा. "माझ्या वडिलांना अमुक तारखेला रुग्णालयात दाखल केलं. अमुक तारखेपर्यंत ते अतिदक्षता विभागात होते. या काळात मला अमुक विषयाचं काम करता आलं नाही. मला दोन आठवड्यांची मुदत हवी आहे. सोबत डिस्चार्ज कार्ड जोडलं आहे." संपलं. घरावरचं कर्ज, काकांशी चाललेली कोर्टकचेरी, आईचं रडणं यांतलं काही लिहू नकोस. वाचणाऱ्या कमिटीला तारखा हव्या असतात: काय झालं, कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या कामावर परिणाम झाला, काय हवंय. कागदाचा फोटो भावाकडून मागवशील तेव्हा शिक्का आणि तारीख दिसतेय ना, ते बघ. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या फोटोंत बोटच जास्त दिसतं. कागद मराठीत असेल तर भाषांतर लागेल. ते कोणाकडून चालेल हे आधीच विचारून घे.

आणि सगळं करूनही विद्यापीठाने दाद दिली नाही, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाविरुद्धच्या तक्रारी बघणारी ओआयए नावाची स्वतंत्र संस्था आहे. विद्यापीठाची अंतर्गत प्रक्रिया संपली की तसं पत्र मिळतं. त्या तारखेपासून १२ महिन्यांच्या आत तिथे तक्रार करता येते, खर्च शून्य. म्हणून पत्र, ईमेल, पोच, काही डिलीट करायचं नाही.

पैशांचं. शिष्यवृत्तीचा हप्ता यायला उशीर झाला तर विद्यापीठाच्या फायनान्स ऑफिसला नोटीस यायच्या आधीच तू मेल कर, मंजुरीचं पत्र जोड. हार्डशिप फंडाला, म्हणजे अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठीच्या मदतनिधीला, अर्ज करायला आपली मुलं घाबरतात, कारण व्हिसावर 'सार्वजनिक निधी घेता येणार नाही' असं लिहिलेलं असतं. विद्यापीठाचा स्वतःचा हार्डशिप फंड त्यात मोडत नाही. मात्र इथे येताना पैशांची सोय होती आणि नंतर अचानक अडचण आली, हे दाखवावं लागतं. भाड्याच्या घरात राहणार असशील तर पूर्णवेळ विद्यार्थी असल्याचं पत्र काढून कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, दे; घरातले सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरावरचा स्थानिक कर, माफ होतो.

आरोग्यासाठी व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड भरलेस ना? मग पहिल्याच आठवड्यात, ठणठणीत असताना, जीपीकडे, म्हणजे घराजवळच्या सरकारी फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदव. आजारी पडल्यावर रांगेत उभं राहून फॉर्म भरण्यात काही मजा नाही. समुपदेशनासाठी विद्यापीठात सहसा थोडीच सत्रं मिळतात आणि परीक्षेच्या सुमारास वाट बघावी लागते, तेव्हा लवकर जा. तिथलं बोलणं गुप्त राहतं, जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडून. रात्री फारच जड झालं तर १११ हा सरकारी आरोग्यसेवेचा नंबर लावून मानसिक आरोग्याचा पर्याय निवड. डिस्लेक्सिया, नैराश्य, जुनी व्याधी असं काही असेल तर अपंगत्व विभागाला आल्याआल्या सांग. सरकारी भत्ता परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही, पण २०१० च्या समानता कायद्याखाली परीक्षेत जादा वेळ वगैरे सोयी देणं विद्यापीठावर बंधनकारक आहे. पासपोर्ट कुठलाही असो.

शेवटचं, ज्याबद्दल तू विचारलं नाहीस पण ज्यासाठी मी पत्र लिहायला बसले. इथल्या 'अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी' असलेल्या बऱ्याच योजना ब्रिटनमध्ये वाढलेल्या कृष्णवर्णीय आणि आशियाई मुलांसाठी असतात, पात्रता नीट वाच. वर्णद्वेषाची तक्रार करायची यंत्रणा मात्र सगळ्यांसाठी आहे, आणि बहुतेक ठिकाणी नाव न देताही ऑनलाइन कळवता येतं. नाव न देता केलेल्या तक्रारीवर चौकशी सहसा होत नाही, नोंद तेवढी होते. दोन्हींतला फरक समजून निवड.

पण तुला गोऱ्यांपेक्षा आधी आपलीच माणसं भेटतील. दिवाळीच्या कार्यक्रमात कोणीतरी आडनाव विचारेल, मग गाव, मग "शिष्यवृत्ती कोणती?" पुढे काय होतं ते तुला सांगायला नको. बहुतेक वेळा काहीच होत नाही, कधी नुसतं पुढच्या वेळी बोलावलं जात नाही. पण फ्लॅटमध्ये, ग्रुप प्रोजेक्टमध्ये, लॅबमध्ये त्रास सुरू झाला तर ऐक: समानता कायद्यात जातीवरच्या भेदभावाची तरतूद सरकारने अजून लागू केलेली नाही, २०१८ मध्ये त्यांनी तो विषय न्यायालयांवर सोडला. पण २०१४ मध्ये नोकरीविषयक अपील न्यायाधिकरणाने मान्य केलंय की जातीवरून केलेला भेदभाव 'वांशिक मूळ' या सदराखाली येऊ शकतो. तक्रार लिहिताना तेच सदर निवड. समोरच्या सल्लागाराने जात हा शब्द फक्त क्रमिक पुस्तकात वाचलेला असण्याची शक्यता आहे. त्यामुळे कोण काय म्हणालं, कोणत्या दिवशी, कोणासमोर, हे लिहून ने, आणि त्या वाक्याचा आपल्याकडे काय अर्थ होतो ते चार ओळींत समजाव. तो अडाणी आहे म्हणून चिडू नकोस. चिडलीसच तर युनियनमध्ये येऊन चिड, आम्हाला सवय आहे.

तुझ्या विद्यापीठाच्या युनियनचा पत्ता आणि व्हिसा टीमचा ईमेल विमानात बसण्यापूर्वी फोनमध्ये सेव्ह कर. पर्सनल ट्यूटरचं, म्हणजे तुझ्याकडे लक्ष द्यायला नेमलेल्या प्राध्यापकांचं, नाव कळलं की पहिल्याच आठवड्यात, काही काम नसताना, दहा मिनिटं भेटून ये. पुढे काम पडेल तेव्हा तू त्यांना माहीत असलेली बरी.

तुझी,
ताई

ता. क. दात तिथेच दाखवून ये. इथे सरकारी दंतवैद्याचा नंबर लागेपर्यंत तुझी पदवी होईल. चष्म्याच्या दोन जोड्या आण, आणि आईला सांग, पापड चालतील, लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत नको.