अ‍ॅपच्या टर्म्समध्ये 'फक्त बेंगळुरू कोर्ट' लिहिलंय, मग कराडच्या माणसानं काय करायचं?

तुमचा प्रश्न वाचला. वर्षाची मेंबरशिप घेतली, दोन महिन्यांत सर्व्हिस बंद पडली, रिफंड मागितला तर कस्टमर केअरनं टर्म्समधली एक ओळ चिकटवून पाठवली, की भारताचा कायदा लागू आणि वाद फक्त बेंगळुरूच्या कोर्टात. आणि तुम्ही विचारताय की कराडात बसून आता हे पैसे विसरायचे का.

अजिबात नाही. तुम्ही स्वतःच्या वापरासाठी पैसे भरलेत ना, मग तुम्ही ग्राहक, आणि ग्राहकाला साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकता येते. मी वकील नाही हे आधीच सांगतो, पोवई नाक्याजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे माझं, पण ह्या भानगडीतून एकदा स्वतः गेलोय आणि एकदा आमच्या दाजींना जाताना बघितलंय, आणि दोघांचं गणित एकदम वेगळं निघालं म्हणून जरा लांब लिहितोय.

पहिलं म्हणजे त्या ओळीत दोन गोष्टी असतात आणि लोक त्या एकच समजतात. कायदा कुठला लागू, हे एक. भांडायचं कुठं, हे दुसरं. 'भारताचा कायदा लागू' ह्यात तुमचं काहीच बिघडत नाही, ग्राहक संरक्षण कायदा पण भारताचाच आहे की. खरा डाव दुसऱ्या अर्ध्यात असतो. एनएच ४८ कराडवरूनच बेंगळुरूला जातो हे खरं, पण म्हणून हजार-दोन हजाराच्या मेंबरशिपसाठी कोण जाणार आहे तिकडं तारखांना? कंपनीला पण हे माहीत असतंय. ती ओळ वाचून दहातले नऊ जण गप्प बसतात, आणि माझ्या मते तिचं खरं काम तेवढंच असतंय.

आपल्याकडच्या माणसाला कोर्टाचं अंतर म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला व्हावं म्हणून सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि लोकांनी किती वर्षं आंदोलनं केली, शेवटी १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं. आणि इथं एका क्लिकवर आपण आपलं कोर्ट बेंगळुरूला नेऊन ठेवतो.

आता ग्राहकाचं. १९८६ च्या जुन्या कायद्यात आपण राहतो तिथं तक्रार टाकायची सोय नव्हती, कंपनीचं ऑफिस कुठं किंवा व्यवहार कुठं घडला ते दाखवावं लागायचं. २०१९ चा नवीन कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ३४ मध्ये सरळ लिहिलंय की तक्रारदार जिथं राहतो किंवा कामधंदा करतो तिथल्या आयोगात तक्रार चालते. कलम १०० सांगतं की हा कायदा बाकी कायद्यांच्या जोडीला आहे, म्हणजे हा जादाचा रस्ता आहे. टर्म्समध्ये लवाद, म्हणजे आर्बिट्रेशन (कोर्टाऐवजी खासगी पंचाकडून निवाडा) लिहिलेलं असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये एम्मार विरुद्ध आफताब सिंग ह्या केसमध्ये कायम केलंय.

माझी केस अशी. २०२३ मध्ये पुतणीसाठी एका ऑनलाइन क्लासचे २८,००० भरले, पंधरा दिवसांत शिकवणारे सर बदलले, लाइव्हच्या जागी जुनी रेकॉर्डिंग लावायला लागले, रिफंड नाही म्हणाले आणि वर हीच ओळ, फक्त गाव वेगळं, गुरुग्राम. मी तक्रार ऑनलाइन टाकली, तेव्हा ई-दाखिल होतं, आता २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आहे. फी शून्य, कारण भरलेली रक्कम ५ लाखापर्यंत असेल तर फी लागतच नाही, आणि रक्कम म्हणजे तुम्ही खरोखर भरलेले पैसे, नुकसानभरपाई किती मागताय ते नाही. वकील पण लागत नाही, मी स्वतःच उभा राहिलो. कंपनीच्या वकिलाच्या उत्तरात पहिलाच मुद्दा काय असेल? सातारा आयोगाला हद्द नाही, गुरुग्रामला जा! मी आधार कार्डाची झेरॉक्स (निदान ती तरी घरची) आणि कलम ३४ चा उतारा जोडून दिला, बास. पुढच्या तारखेला त्यांचे वकील व्हिडिओवरच आले आणि तडजोडीचं बोलायला लागले, २४,००० वर मिटलं. चार हजार सोडले त्याबद्दल घरात अजून ऐकून घेतो.

आता दाजींचं, कारण हीच ओळ तिथं खरोखर चावली. दाजी सांगलीचे, हळद पावडर आणि बेदाणा विकतात, आधी मार्केट यार्डातच, मग पोरांनी त्यांना एका मोठ्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर विक्रेता म्हणून चढवलं. एका सणाच्या सेलनंतर प्लॅटफॉर्मनं १ लाख ८४ हजार अडकवले, कारण काय तर रिटर्न जास्त आले. दाजी म्हणाले तुझ्यासारखं ग्राहक आयोगात टाकू. पण दाजी तिथं ग्राहक नाहीत हो, धंद्यासाठी घेतलेली सर्व्हिस ती. फक्त स्वतःचं पोट भरण्यापुरता स्वयंरोजगार असेल तर कायद्यात सूट आहे, पण दाजींकडं चार माणसं कामाला आणि दोन गोडाऊन, तिथं ती सूट ताणून बसत नाही.

मग राहिलं दिवाणी कोर्ट, आणि तिथं ही ओळ चालते. करार कायद्याचं कलम २८ सांगतं की कोर्टात जाण्याचा हक्कच पूर्ण काढून घेणारा करार रद्द, पण दोन-तीन ठिकाणच्या कोर्टांना हद्द असेल तर त्यातलं एक करारात ठरवता येतं. सुप्रीम कोर्ट हे १९७१ च्या हकम सिंग विरुद्ध गॅमन केसपासून सांगत आलंय. २०१३ च्या स्वस्तिक गॅसेसच्या केसमध्ये तर करारात 'फक्त' हा शब्दसुद्धा नव्हता, नुसतं कोलकात्याच्या कोर्टांना हद्द एवढंच होतं, तरी कोर्ट म्हणालं कोलकाताच, जयपूर नाही.

मी हे दाजींना समजावत होतो तर ते उठले, गल्ल्यातून स्वतःचं बिलबुक काढलं आणि खाली डाव्या कोपऱ्यात बघत बसले. छापलेलं होतं, 'सब्जेक्ट टू सांगली ज्युरिस्डिक्शन', म्हणजे वाद सांगलीच्या कोर्टात. वीस वर्षं प्रत्येक बिलावर तेच छापतायत, प्रेसवाल्यानं टाकलं म्हणून. मला म्हणाले, म्हणजे आपण पण दुसऱ्याला हेच करतोय की रं.

त्यांच्या टर्म्समध्ये लवाद पण होता, बेंगळुरूला, इंग्रजीतून, आणि पंच नेमणार कोण तर कंपनी. इथं मात्र एक फट सापडली. ज्याचा वाद आहे त्यानंच एकट्यानं पंच नेमायचा हे चालत नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१९ च्या पर्किन्स केसमध्ये सांगितलंय. सांगलीच्या एका वकिलांनी तेवढा मुद्दा धरून नोटीस पाठवली, कंपनीनं परत हिशोब केला आणि १ लाख १० हजार सोडले. बाकीचे गेले. दाजींनी पुढं लढायचा खर्च एका कागदावर मांडला, वकील, जाणंयेणं, दुकान बंद ठेवायचे दिवस, आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही, ते गणित बरोबरच होतं.

परदेशी अ‍ॅप असेल तर अजून वेगळं. कॅनडात २०२० मध्ये उबरच्या एका ड्रायव्हरची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, करारात लवाद नेदरलँड्सच्या कायद्यानं आणि सुरू करायची फीच जवळजवळ १४,५०० अमेरिकी डॉलर, कोर्टानं तो क्लॉज उडवला. उलट अमेरिकेत १९९१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका जोडप्याला क्रूझच्या तिकिटावरच्या बारीक अक्षरांमुळं फ्लोरिडालाच जा म्हणून सांगितलं गेलं. म्हणजे देशागणिक निकाल फिरतो. आपल्याकडं २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल-सेवा विकणाऱ्या परदेशी कंपनीला पण लागू आहेत, पण ऑर्डर मिळाली तरी वसुली कुणाकडून करणार, तिचं इथं ऑफिस नसेल तर अवघडच.

म्हणून तुम्ही आधी एक काम करा. पेमेंटनंतर आलेलं इनव्हॉइस मेलमध्ये शोधा आणि त्यावरचा जीएसटी नंबर बघा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ०६ हरियाणा. ९९ नं सुरू होत असेल तर बाहेरच्या देशातून ऑनलाइन सर्व्हिस विकणारी कंपनी समजा. तक्रारीत नाव त्या इनव्हॉइसवरच्या कंपनीचंच टाका, अ‍ॅपचं नाव नको, तिथं लई जण चुकतात आणि पहिली तारीख त्यातच जाते.

मग अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा, ई-कॉमर्सच्या नियमानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो त्यांनी. १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर पण नोंदवा, बऱ्याच वेळा तिथंच मिटतं. नाही मिटलं तर आयोग. मुदत दोन वर्षांची आहे, आणि स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, टर्म्सचं पान तारखेसकट, कारण ते पान कधी बदलेल सांगता येत नाही.

पैसे दोनदा कापले गेलेत किंवा ऑटोपे बंद करून पण कापतायत असं असेल तर त्याचा रस्ता बँकेतून जातो, ते वेगळं विचारा. इनव्हॉइस सापडलं तर खाली फक्त ते पहिले दोन आकडे सांगा, पूर्ण नंबर टाकू नका.