आठ महिने नुसती कॉइल धुतोय, अप्रेंटिसशिप सोडू का?

प्रश्न: सर, मी धायरीला राहतो. बारावी कॉमर्स केली, मग आयटीआयमधून रेफ्रिजरेशन-एसीचा दोन वर्षांचा ट्रेड केला. आता एका एसी काँट्रॅक्टरकडे अप्रेंटिस आहे, साइट हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांच्या. आठ महिने झाले, मला फक्त कॉइल धुवायला लावतात, गॅसचं प्रेशर बघायच्या गेजला हात लावू देत नाहीत. मित्र म्हणतात तू आणि गाड्या धुणारा सारखेच. सोडून बीकॉमला ॲडमिशन घेऊ का?

उत्तर:

अरे, पत्र वाचून मला माझी टेरेस आठवली. मी काउन्सिलिंगला यायच्या आधी नऊ वर्षं मेंटेनन्समध्ये होतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात एसीच्या एका आउटडोअर युनिटवर जेट पंप इतक्या जवळून मारला की ॲल्युमिनियमच्या फिन (कॉइलवरच्या पातळ पट्ट्या) पाऊस झोडपलेल्या गवतासारख्या आडव्या पडल्या, मग दोन दिवस फिन कॉम्ब घेऊन एकेक ओळ विंचरत बसलो, वरून एप्रिलचं ऊन. तेव्हा मलाही वाटलं होतं की हे काय शिक्षण आहे. त्यामुळे तुझा वैताग खोटा नाही हे आधीच सांगतो.

पण तू म्हणतोस "नुसती कॉइल", तिथेच मी अडतो. एसीमध्ये उष्णतेची खरी देवाणघेवाण होते कुठे? कॉइलवरच ना. आतली कॉइल खोलीतली उष्णता घेते, बाहेरची ती फेकून देते, कॉम्प्रेसर बिचारा मधला हमाल. बाहेरची कॉइल धुळीने बसली की उष्णता निघत नाही, हेड प्रेशर (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं) चढतं, अँपिअर वाढतात आणि ऐन मे महिन्यात दुपारी मशीन हाय प्रेशरवर ट्रिप होतं. आतली चोक झाली की हवाच कमी जाते, सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचं) पडतं, कॉइलवर बर्फ धरतो, आणि मग कोणीतरी सीनियर गेज बघून म्हणतो "गॅस कमी आहे". झालं! गॅस भरला, बिल लावलं, पुढच्या सर्विसला कॉइल धुतली तेव्हा कळतं की गॅस जास्त झालाय. गॅस काय गाडीतलं पेट्रोल आहे का संपायला, सिस्टीम बंद असते, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. सक्शन दोन्हीकडे पडतं, पण गॅस खरंच कमी असेल तर सुपरहीट (आतल्या कॉइलमध्ये उकळून झाल्यावर गॅस आणखी किती तापला ते) वाढतो आणि कॉइल चोक असेल तर साधारणपणे तो खाली येतो. हा फरक ज्याला साइटवर उभं राहून सांगता येतो तो टेक्निशियन, बाकी सगळे गॅस भरणारे.

आणि हे शिकायला तुला गेजची परवानगी लागतच नाही रे. एक वही कर. मशीनला पाणी लावायच्या आधी आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं टेंपरेचर लिही, टाँग टेस्टरने, म्हणजे वायरभोवती अडकवून करंट मोजायच्या चिमट्याने, अँपिअर घे (ते लाइव्ह वायरवर असतं, म्हणून पहिले काही दिवस सीनियर शेजारी असतानाच), धुवून मशीन वीसेक मिनिटं चालली की परत घे. आतल्या कॉइलवर साधारण ८ ते १२ डिग्रीचा फरक मिळायला हवा. हवा जोरात येतेय तरी फरक त्याहून बराच कमी असेल तर का, हे सीनियरला विचार. "दादा मला गेज द्या" म्हटलं की तो टाळेल, "दादा कॉइल धुतली तरी अँपिअर खाली येत नाहीत" म्हटलं की तो स्वतःच गेज काढेल, माझा अनुभव आहे.

घाण पण वाच. लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानातल्या कॉइलवर धाग्यांचा नमदा बसतो, तो आधी कोरडा ब्रश किंवा व्हॅक्यूमने काढायचा, पाणी मारलंस तर लगदा होऊन आत बसतो. हॉटेलच्या किचनजवळची कॉइल तेलकट, तिथे नुसत्या पाण्याने काहीच होत नाही. चाकणच्या कारखान्यात धूळ आणि ऑइलची वाफ एकत्र. पाणी नेहमी हवा येते त्याच्या उलट बाजूने मारायचं, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत जाते, आणि प्रेशर कमी (वर सांगितलंय माझं काय झालं ते).

केमिकलचं मात्र मी जरा कडकच सांगतो. फेस भरपूर आला की कॉइल स्वच्छ झाली असं मानणारे खूप आहेत, पण कॉस्टिकवाल्या क्लीनरचा तो फेस बऱ्याच अंशी ॲल्युमिनियमवर रिॲक्शन होऊन सुटणाऱ्या हायड्रोजनचा असतो, म्हणजे फिन थोडी थोडी खाल्ली जातेय. कामाला येतं ते, पण डब्यावर लिहिलंय तेवढंच पातळ करून, आणि नंतर निथळेपर्यंत पाणी. पूर्ण ॲल्युमिनियमची मायक्रोचॅनल (बारीक चपट्या नळ्यांची) कॉइल असेल तर कॉस्टिक नको आणि ॲसिड तर नकोच. ग्लोव्हज, गॉगल नसतील तर काम थांबव, काँट्रॅक्टर ओरडला तरी. आणि पॅनल बंद करून कुलूप-टॅग स्वतः लाव, कोणी "बंद केलंय" म्हटल्यावर विश्वास ठेवू नकोस. इन्व्हर्टरवाल्या युनिटच्या बोर्डात बंद केल्यावरही काही मिनिटं चार्ज राहतो.

आता सोडायचं का. माझं मत, नको. चालू काँट्रॅक्ट मोडलास तर परीक्षा आणि नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट दोन्ही हातचं जातं. पण आणखी चार महिने धुतच बस असंही मी म्हणणार नाही, कारण काही काँट्रॅक्टर अप्रेंटिसला स्वस्त मजूर समजतात हे मलाही माहीत आहे. ट्रेनिंग सिलॅबसप्रमाणे द्यायचं त्यांचं बंधन आहे. महिनाभर वही भर, मग ती घेऊन सुपरवायझरकडे जा आणि चिलर (मोठ्या इमारतीसाठी पाणी थंड करणारं मशीन) नाहीतर एएचयू (ती थंड हवा डक्टमधून सोडणारं युनिट) यांच्या टीमबरोबर काम माग. तरी नाही म्हणाले तर आयटीआयमधल्या अप्रेंटिसशिप विभागात लेखी दे, तोंडी नको.

पुढे हॉस्पिटल, फार्मा, डेटा सेंटर इथे एएचयू आणि चिलर बघणारी माणसं चोवीस तास लागतात, आणि तिथे इंटरव्ह्यूला विचारतात ते हेच, कूलिंग कमी आहे, तू पहिल्यांदा काय बघशील? दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, ते डोक्यात ठेव. बीकॉम हवंच असेल तर नोकरी सांभाळून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून कर, बारावी झालेलीच आहे, त्यासाठी टेरेसवरून उतरायची गरज नाही.

मित्रांचं सोड, त्यांच्या ऑफिसातला एसी कोणीतरी धुतोच.

आणि एक, हिंजवडीच्या टेरेसवर आउटडोअरभोवती कबुतरांनी घाण करून ठेवलेली असते ना, ती कोरडी खरवडू नकोस, धूळ छातीत जाते. आधी पाणी मारून भिजव, तोंडाला साधा रुमाल नाही, नीट मास्क लाव, मगच ब्रश घे.