जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्येही चालते आणि सर्व्हरवरही, मग क्लायंट-साइड आणि सर्व्हर-साइड हा फरक कशावरून करायचा? वेब अ‍ॅप बनवायचं तर आधी काय शिकू?

तुमचा गोंधळ साहजिक आहे. जावास्क्रिप्ट म्हणजे क्लायंट-साइड आणि पीएचपी म्हणजे सर्व्हर-साइड, असं आपण पाठ करून ठेवतो आणि नोड (जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवणारं साधन) समोर आलं की सगळं पाठांतर वाया जातं. भाषेचं नाव सोडा, कोड कुणाच्या मशीनवर चालतोय ते बघा. वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालला तर क्लायंट-साइड, तुमच्या ताब्यातल्या मशीनवर चालला तर सर्व्हर-साइड.

ब्राउझरला एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि अलीकडे वेबअसेंब्ली (इतर भाषांतला कोड ब्राउझरमध्ये चालवायचं स्वरूप) एवढंच कळतं. पानं बांधायला वापरतात ती रिअ‍ॅक्ट आणि व्ह्यू ही साधनं जावास्क्रिप्टच, आणि टाइपस्क्रिप्ट या तिच्या विस्तारित रूपाचीही तिथं पोहोचेपर्यंत जावास्क्रिप्ट झालेली असते. सर्व्हरवर पायथन, जावा, पीएचपी, गो, काहीही वापरा. एचटीटीपीचं (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्याचं) उत्तर नीट आलं की आत काय शिजतंय याच्याशी ब्राउझरला देणंघेणं नसतं.

२००९ साली रायन डालने क्रोमचं व्ही८ इंजिन (जावास्क्रिप्ट चालवणारा भाग) ब्राउझरबाहेर काढून नोड बनवलं, आणि जावास्क्रिप्ट सर्व्हरवर रुळली. पण भाषा तीच असली तरी भोवतालचं सगळं बदलतं. नोडमध्ये पान नाही, म्हणून 'डॉक्युमेंट' ही वस्तूच नाही. ब्राउझरमध्ये पान आहे, पण डिस्कवरच्या फायली हव्या तशा उघडता येत नाहीत. नेक्स्ट जेएस (रिअ‍ॅक्टचा कोड सर्व्हरवरही चालवणारं फ्रेमवर्क) शिकताना 'डॉक्युमेंट इज नॉट डिफाइन्ड' ही एरर बहुतेकांना भेटतेच. ब्राउझरसाठी लिहिलेला कोड सर्व्हरवर चालला, एवढाच तिचा अर्थ.

मला स्वतःला हा फरक कळला तो फजिती झाल्यावर. एका ऑर्डर फॉर्मवर सवलत वजा करून एकूण रक्कम मी ब्राउझरमध्येच काढत होतो आणि तीच सर्व्हरला पाठवत होतो. सर्व्हर मुकाट्याने ती डेटाबेसमध्ये लिहायचा. आमच्या टेस्टरने ब्राउझरमधली डेव्हलपर टूल्स उघडली, रिक्वेस्टमधला आकडा बदलून १ केला आणि ऑर्डर बिनबोभाट मंजूर झाली! नशीब, अ‍ॅप अजून लोकांपर्यंत गेलं नव्हतं. मग बदल केला: ब्राउझरने फक्त वस्तूचा आयडी आणि नग पाठवायचे, भाव सर्व्हरने डेटाबेसमधून घ्यायचा. ब्राउझरमधली बेरीज मी काढली नाही, कारण नग वाढवल्यावर रक्कम लगेच दिसली पाहिजे. ती फक्त दाखवण्यापुरती उरली.

तपासणीचंही तेच. 'ईमेल चुकलाय' हे ब्राउझरने लगेच सांगावं, पण सर्व्हरने तीच तपासणी पुन्हा करावी. आणि गुप्त एपीआय की (दुसरी सेवा वापरायला लागणारा पासवर्डसारखा कोड) क्लायंटच्या कोडमध्ये ठेवू नका. कोड मिनिफाय केला, म्हणजे आकसून लहान केला, म्हणून लपला असं नव्हे, तो फक्त वाचायला किचकट होतो. रिअ‍ॅक्टच्या प्रोजेक्टमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (कोडबाहेर ठेवलेली सेटिंग) म्हणून देऊन क्लायंटच्या कोडमध्ये वापरलेली की बिल्ड करताना थेट बंडलमध्ये, म्हणजे ब्राउझरला जाणाऱ्या फाइलमध्ये, छापली जाते, हे अनुभवी लोकसुद्धा विसरतात.

शिकायची सुरुवात फ्रेमवर्कपासून करू नका, असं माझं मत आहे (इथं बरेच जण वाद घालतील, घालू द्या). एक साधा एचटीएमएल फॉर्म बनवा. तो घेणारा छोटा प्रोग्रॅम पीएचपी, पायथन किंवा नोड, जे हाताशी असेल त्यात लिहा, आणि आलेली माहिती एसक्यूएलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये साठवा. मग डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडून काय गेलं, काय आलं ते बघत बसा. रिअ‍ॅक्ट नंतर. फॉर्म चालू लागला की ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट बंद करा आणि मुद्दाम चुकीची माहिती भरून पाठवा. ती डेटाबेसमध्ये पोहोचली, तर तुमचं सर्व्हरकडचं काम अजून बाकी आहे.